पहारीने दगड उचलताना काम खरोखर कमी होते का?

कऱ्हाकाठी

नमस्कार. गेल्या आठवड्यात सासवडजवळच्या आमच्या जुन्या घराच्या जोत्याची दुरुस्ती चालू होती. कोपऱ्यातला एक घडीव काळा दगड जागचा हलला होता आणि तो बाहेर काढून पुन्हा नीट बसवायचा होता. दगड अंदाजे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट जाड आहे. आम्ही तिघांनी मिळून तो हाताने हलवून पाहिला, पण तो केसभरही सरकला नाही. नंतर साठी ओलांडलेले आणि अंगाने किरकोळ असलेले गवंडीकाका आले. त्यांनी पाच फुटी पहारीचे टोक दगडाच्या बुडाखाली घातले, टोकापासून पाच-एक इंचांवर लाकडाचा ठोकळा सरकवला आणि पहारीच्या दुसऱ्या टोकावर हात ठेवून ती खाली दाबली. दगडाची कड दोन इंच वर आली. काकांच्या मदतनिसाने लगेच तिच्याखाली एक कपची सारली, ठोकळ्याखाली दुसरा ठोकळा ठेवला आणि पुन्हा तेच केले. पंधरा-वीस मिनिटांत दगड बाहेर आला.

खरा वाद त्यानंतर घरात झाला. मुलगा सहावीत आहे आणि साध्या यंत्रांमुळे काम सोपे होते, श्रम कमी लागतात, हे त्याने शाळेत शिकले आहे. मुलगी नववीत आहे. तिचे म्हणणे असे की कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, ऊर्जा कुठून आकाशातून पडत नाही, त्यामुळे दगड पहारीने उचला नाहीतर हाताने, कार्य तेवढेच होणार. मग ‘कमी श्रम’ हे वाक्यच चुकीचे आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे मला दोघांपैकी कोणालाही समाधानकारक उत्तर देता आले नाही. दोघांत बरोबर कोण, आणि दोघेही बरोबर असतील तर ते कसे, हे कोणी उलगडून सांगेल का?

निवृत्त_शिक्षक

आपल्या घरातला वाद वस्तुतः ‘काम’ आणि ‘कार्य’ या दोन शब्दांतला आहे. आपली कन्या ‘कार्य’ या पारिभाषिक शब्दाविषयी बोलत आहे आणि चिरंजीव व्यवहारातल्या ‘कामा’विषयी. व्यवहारात आपण ज्याला श्रम म्हणतो त्यात बल, वेळ, पकड, अंगाची ठेवण असे बरेच काही मिसळलेले असते, तर भौतिकशास्त्रातल्या कार्यात केवळ बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन एवढेच मोजले जाते. पण एवढ्यावर थांबलो तर मी आपल्याला शब्दांचा खेळ करून परत पाठवले असे होईल, म्हणून आपल्याच दगडाचा हिशेब मांडतो.

आपण दिलेल्या मापांनुसार दगड साडेचार घनफुटांचा आहे. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पाण्याच्या सुमारे २.९ पट जड असतो. त्या हिशेबाने दगडाचे वजन ३७० किलोच्या आसपास भरते. आता एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: काकांनी संपूर्ण दगड उचललाच नाही, त्यांनी त्याची एक कड उचलली. दुसरी कड जमिनीवर टेकलेली होती आणि निम्मा भार तिने पेलला होता, म्हणजे दगड स्वतःच एक तरफ झाला होता. त्यामुळे पहारीच्या टोकावर आलेला भार १८५ किलो एवढाच होता.

पहार पाच फुटी, म्हणजे साठ इंचांची. टेकू टोकापासून पाच इंचांवर असेल, तर भाराची बाजू पाच इंच आणि हाताची बाजू पंचावन्न इंच झाली. हे प्रमाण एकास अकरा आहे, म्हणून हाताला १८५ भागिले ११, म्हणजे सुमारे १७ किलो एवढेच बल लावावे लागले. सतरा किलोचा दाब साठीतला सडपातळ माणूसही शरीराचा थोडा भार टाकून सहज देतो. परंतु दगडाची कड दोन इंच वर येण्यासाठी हाताला बावीस इंच खाली जावे लागले. बल अकरा पटींनी घटले आणि अंतर अकरा पटींनी वाढले.

आता कन्येचा मुद्दा तपासू. कड दोन इंच वर गेली तेव्हा दगडाचा मध्य एक इंचाने वर गेला. ३७० किलो एक इंच उचलण्यासाठी लागणारे कार्य सुमारे ९२ जूल होते (जूल हे कार्य आणि ऊर्जा मोजण्याचे एकक). पहारीच्या बाजूने १७ किलोपेक्षा किंचित कमी बल आणि बावीस इंच अंतर यांचा गुणाकार केला, तरी उत्तर ९२ जूलच येते. म्हणजे तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. आणि तरीही जे आपल्या हाताच्या आवाक्याबाहेर होते ते आवाक्यात आले, हे चिरंजीवांचे म्हणणेही तितकेच खरे आहे.

आपण तिघे होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साठ-बासष्ट किलो आले असते. तरुण माणसांना हे अगदीच अशक्य नाही. पण मातीत रुतलेल्या दगडाखाली बोटे घालायला जागा नसते आणि वाकून, कंबर मोडून लावलेले बल निम्मे वाया जाते. जिथे बोट शिरत नाही तिथे पहारीचे चपटे टोक शिरते, आणि उचलायच्या ऐवजी दाबायचे असल्यामुळे अंगाचे वजन कामी येते. बल पाहिजे त्या जागी आणि सोयीच्या दिशेने पोहोचवणे ही साध्या यंत्राची दुसरी कामगिरी, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकांत ती जरा घाईने उरकली जाते.

तरफेचे तीन प्रकार मुले तोंडपाठ म्हणतात. मधे टेकू असेल तर पहिला, मधे भार असेल तर दुसरा, मधे बल असेल तर तिसरा. परीक्षेपुरते ते ठीक आहे. मी शिकवत असताना वर्गात अडकित्ता घेऊन जात असे. त्याचे खिळीचे टोक हा टेकू, खिळीजवळ ठेवलेली सुपारी हा भार आणि मुठीकडचे टोक हे बल. सुपारी खिळीपासून दोन सेंटिमीटरवर आणि मूठ चौदा सेंटिमीटरवर असेल तर मुठीतले बल सातपट होऊन सुपारीवर पडते. शिवाय अडकित्त्याचे पाते ही पाचर असते, म्हणजे एकात दोन साधी यंत्रे. सुपारी खिळीपासून दूर, पात्याच्या टोकाकडे ठेवून फोडायला सांगितली की मुलांना यांत्रिक फायदा, म्हणजे लावलेले बल किती पट होते, ही संज्ञा पुन्हा समजावून सांगावी लागत नसे.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून सरांच्या हिशेबात शरीराच्या बाजूची भर घालतो. कारण ‘श्रम कमी झाले’ ही भावना शरीरातच निर्माण होते आणि तिचे उत्तर जूलमध्ये पूर्णपणे मिळत नाही.

साधारण शंभर किलोकॅलरी देणारी एक पोळी धरा. तिच्यात सुमारे ४ लाख १८ हजार जूल ऊर्जा असते. आपले स्नायू त्यातली फार तर वीस ते पंचवीस टक्के बाहेरच्या कामात उतरवतात आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने जाते. तरीही एका पोळीतून ऐंशी हजार जूलहून अधिक कार्य मिळायला हरकत नाही. सरांच्या हिशेबाने पहार एकदा दाबायला ९२ जूल लागले. म्हणजे केवळ ऊर्जेचा प्रश्न असता तर एका पोळीवर गवंडीकाकांनी पहार जवळजवळ नऊशे वेळा दाबली असती. यावरून असे दिसते की माणसाकडे ऊर्जेची तूट नसते, तूट असते ती एका वेळी लावता येणाऱ्या बलाची. तरफ नेमकी तीच तूट भरून काढते आणि त्याच्या बदल्यात आपल्याकडे मुबलक असलेली गोष्ट, म्हणजे अंतर आणि वेळ, मागून घेते.

आणखी एक गोष्ट. भरलेली बादली हातात धरून नुसते उभे राहिलात, तर भौतिकशास्त्राच्या व्याख्येने आपण बादलीवर काहीच कार्य करत नाही, कारण विस्थापन शून्य आहे. पण हात मात्र भरून येतो. ताण टिकवण्यासाठी स्नायूतले तंतू सतत आकुंचन पावत राहतात आणि त्यासाठी ऊर्जा जळतच असते. बल जितके मोठे, तितका हा खर्च मोठा आणि थकवा लवकर. त्यामुळे यंत्राने बाहेरचे कार्य कमी केले नाही तरी शरीराचा आतला खर्च खरोखर कमी होतो. माझ्या मते आपल्या मुलाचे वाक्य या अर्थाने केवळ व्यवहारातच नव्हे, तर शास्त्रानेही बरोबर ठरते.

गंमत अशी की आपल्या शरीरातल्या बहुतेक तरफा याच्या अगदी उलट आहेत. कोपर हा टेकू धरा. दंडाचा बायसेप्स स्नायू कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाताच्या हाडाला जोडलेला असतो आणि तळहात साधारण पस्तीस सेंटिमीटरवर असतो. कोपर काटकोनात ठेवून तळहातावर दहा किलोचे वजन तोलायचे, तर त्या स्नायूला सत्तर-ऐंशी किलोच्या वजनाएवढा ताण द्यावा लागतो. हा सरांनी सांगितलेला तिसरा प्रकार, बलाच्या दृष्टीने निव्वळ तोट्याचा. मोबदल्यात वेग मिळतो: स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात जवळजवळ आठ सेंटिमीटर सरकतो. चेंडू फेकणे, केर काढणे किंवा चिमट्याने पोळी उलटणे या कामांत आपल्याला बल नको असते, चपळाई हवी असते. म्हणून ‘साधे यंत्र म्हणजे बल वाढवणारे साधन’ ही व्याख्या मुलांना सांगू नये, असे मला वाटते.

थारोळे

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून आमच्या विहिरीवरच्या मोटेची आठवण झाली. पुष्कळ जणांचा असा समज असतो की मोटेच्या किंवा रहाटाच्या चाकामुळे पाणी हलके होते. तसे काहीही होत नाही. विहिरीवर एका जागी बसवलेली कप्पी ही स्थिर कप्पी असते. दहा लिटरची बादली ओढायला दहा किलोचेच बल लागते आणि चाकाच्या घर्षणामुळे वर थोडे अधिकच लागते. फायदा एवढाच की वर खेचण्याऐवजी खाली ओढता येते. भाराबरोबर वर जाणारी चल कप्पी असेल तर बल निम्म्यावर येते, पण तेव्हा दोर दुप्पट ओढावा लागतो. विहिरीवर मी तशी व्यवस्था कधी पाहिली नाही.

मग मोटेत युक्ती कुठे होती? माझ्या मते ती चाकापेक्षा धावेत होती. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चामड्याच्या मोटेला वरच्या बाजूने नाडा नावाचा जाड दोर बांधलेला असे आणि तो वरच्या चाकावरून बैलांच्या जुवाकडे जाई. मोटेच्या खालच्या सोंडेला सोंदूर नावाचा बारीक दोर असे आणि तो विहिरीच्या काठाशी खाली बसवलेल्या कण्यावरून, म्हणजे आडव्या लाटेवरून, फिरून त्याच जुवाला बांधलेला असे. बैल विहिरीपासून दूर ज्या वाटेने चालत ती धाव. ही धाव सपाट नसे, ती विहिरीपासून उतरत जाणारी असे.

हिशेबासाठी धरू की मोटेत दीडशे लिटर पाणी आहे, बैलजोडीचे वजन आठशे किलो आहे आणि धावेचा उतार आठास एक आहे. बैल उताराने खाली जाताना त्यांच्या स्वतःच्या वजनाचा आठवा हिस्सा, म्हणजे शंभर किलो, ओढण्याच्या दिशेने मदत करतो. दीडशे किलोपैकी शंभर किलोचा भार वजनानेच पेलला आणि बैलांच्या पायांना उरलेल्या पन्नासाच्या आसपास जोर लावावा लागला. फुकट मात्र काहीच मिळाले नाही, कारण मोट रिकामी झाल्यावर त्याच बैलांना मागे-मागे पावले टाकत तो चढ चढावा लागे. म्हणजे ओझे ओढताना घेतलेली उसनवारी रिकाम्या फेरीत फेडायची. आपल्या कन्येने ऊर्जेचा हिशेब मागितला तर तो इथे चोख जुळतो. बैलाच्या छातीवर एका वेळी येणारा ताण मात्र कमी होतो.

सोंदुराची करामत वेगळीच होती. नाडा उंचावरच्या चाकावरून आणि सोंदूर खालच्या कण्यावरून जात असल्यामुळे दोन्ही दोर एकाच गतीने ओढले जात असताना मोटेचे तोंड वर चाकापाशी पोहोचे, पण सोंड मात्र खालीच अडकून थारोळ्याकडे, म्हणजे काठावर पाणी पडायच्या कुंडाकडे, वळे आणि पाणी आपोआप थारोळ्यात ओतले जाई. मोट ओतायला विहिरीच्या काठावर दुसरा माणूस उभा करावा लागत नसे. बल कमी करणे, दिशा बदलणे, वेग वाढवणे यांच्या यादीत ‘माणूस वाचवणे’ हा फायदा कुठल्या पुस्तकात मी वाचला नाही, पण शेतकऱ्याच्या लेखी तोच सर्वांत मोठा होता.

कऱ्हाकाठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिन्ही उत्तरे दोन्ही मुलांना वाचून दाखवली आणि मोटेचे चित्र काढण्यात दोघांचा संबंध रविवार गेला. मुलीने मात्र एक नवा प्रश्न काढला आहे. थारोळे यांनी म्हटल्याप्रमाणे चाकाच्या घर्षणामुळे जास्तीचे बल लागत असेल, तर यंत्र वापरल्याने कार्य तेवढेच न राहता उलट वाढते, असे म्हणावे लागेल का?

पाना_चौदा_पंधरा

होय, तसेच म्हणावे लागेल. प्रत्यक्षातले प्रत्येक साधे यंत्र एकूण कार्य थोडे वाढवतेच. पहारीत ही वाढ नगण्य असते, कारण टेकूवर घासणारा भाग फार लहान असतो. म्हणून सरांचा ९२ जूलचा हिशेब व्यवहारातही जवळपास खरा उतरेल. स्क्रूच्या बाबतीत मात्र चित्र पूर्ण बदलते.

ट्रकखाली लावायचा साधा उभा स्क्रू जॅक घ्या. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरणच असते. हँडल तीस सेंटिमीटर लांब असेल तर एका फेरीत हात सुमारे १८८ सेंटिमीटर फिरतो. आट्यांमधले अंतर सहा मिलिमीटर असेल तर तेवढ्या फेरीत भार फक्त सहा मिलिमीटर चढतो. कागदावर हा फायदा तीनशे पटींहून अधिक आहे आणि एक टन उचलायला हाताचे सव्वातीन किलो बल पुरायला हवे. पण अशा जॅकची कार्यक्षमता वीस टक्के धरली, तर प्रत्यक्षात सोळा किलो लावावे लागतात. हाताने केलेल्या पाच भाग कार्यापैकी चार भाग आटे घासण्यात गेले.

हा तोटा मात्र हवाहवासा आहे. जॅकची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांहून कमी असते म्हणूनच आपण हँडल सोडले तरी भार स्वतःच्या वजनाने स्क्रू उलटा फिरवू शकत नाही आणि गाडी वरच राहते. आटे ग्रीस लावून अगदी गुळगुळीत करण्याचा अतिउत्साह इथे करू नये. नट-बोल्टही याच घर्षणावर घट्ट राहतात.

उतरणीचे सर्वांनी पाहिलेले उदाहरण म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेला बोरघाटातला लोहमार्ग. तिथला कमाल चढ सदतीसास एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर जाते. हजार टनांची गाडी चढवायची तर वजनाचा सदतिसावा हिस्सा, म्हणजे सत्तावीस टन, एवढा जोर केवळ चढासाठी लागतो. सरळ हजार टन उचलण्याच्या तुलनेत हे फारच कमी; पण सपाट रुळांची सवय असलेल्या इंजिनाला हा जोर जड जातो, म्हणून कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडतात. चढ निम्मा केला असता तर जोरही निम्मा लागला असता, पण तेवढीच उंची गाठायला मार्ग दुप्पट लांबवावा लागला असता आणि डोंगर फोडण्याचा खर्च त्या प्रमाणात वाढला असता.

एक सावधगिरीची गोष्टही सांगून ठेवतो. तरफ लांब केली की बल वाढते, हे कळल्यावर आपण सारे एकदा तरी ती चूक करतो. गंजलेला बोल्ट निघेना म्हणून मी एकदा पान्याला दोन फुटी पाइप लावून जोर दिला. बोल्ट निघाला, पण अर्धाच. उरलेला अर्धा भोकातच तुटून बसला. हातात बल मोजण्याचा अंदाज असतो, पाइप लावला की तो अंदाज हरवतो. पहारीच्या बाबतीतही टेकू गोल दगडाचा ठेवू नये, तो निसटला की पहारीचे टोक उसळून थेट हनुवटीवर येते. गवंडीकाकांनी लाकडी ठोकळा घेतला तो याचसाठी असणार.

कऱ्हाकाठी

उद्या सकाळी जोत्याचा शेजारचा दगड काढायचा आहे आणि तो जवळजवळ त्याच मापाचा आहे. मुलीने शाळेतून वीस किलोपर्यंत मोजणारा ताणकाटा मागून आणला आहे. तो पहारीच्या टोकाला बांधून खाली ओढायचा आणि सरांचे सतरा किलो खरोखर येतात का ते पाहायचे, असे दोघांनी ठरवले आहे. काही काळजी घ्यायला हवी का?

निवृत्त_शिक्षक

प्रयोग उत्तम आहे. ताणकाटा पहारीशी काटकोनात राहील असाच ओढावा, तिरका ओढल्यास वाचन वाढलेले दिसेल. दगडाभोवतीची माती आधी मोकळी करून घ्यावी, नाहीतर तिची पकडही वजनात मिसळेल. कड उचलली गेल्यावर तिच्याखाली हात घालू नये, कपची काठीने सारावी.

वाचन मात्र सतरा येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मुले गोंधळणार नाहीत. वरच्या हिशेबात मी पहारीचे स्वतःचे वजन धरले नव्हते. इंचभर जाडीची पाच फुटी लोखंडी पहार साधारण सहा किलोची असते आणि तिचा मध्य टेकूपासून पंचवीस इंचांवर, हाताच्याच बाजूला येतो. त्यामुळे तिचे वजनही दगड उचलायला मदत करते. सहा गुणिले पंचवीस भागिले पंचावन्न केले, तर ही मदत पावणेतीन किलोच्या जवळपास येते. तेव्हा ताणकाट्यावर चौदाच्या आसपास आकडा दिसायला हवा. पहार आधी तोलून तिचे नेमके वजन घ्या आणि टेकूचे अंतर टेपने मोजा; अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी आकडा दीड-दोन किलोंनी हलेल. जो आकडा येईल तो इथे जरूर कळवा.